कुमसीच्या सैनिकांना काय दिसलं?

सन्नतीच्या देवळाचं छप्पर १९८६ साली कोसळलं नसतं, तर एक शिळा आजही नुसतं देवीचं आसन म्हणूनच राहिली असती. कलबुर्गी जिल्ह्यात भीमेच्या काठी चंद्रला परमेश्वरीचं हे ठाणं आहे. महाराष्ट्रातल्याही कित्येक घराण्यांची ती कुलदेवता. आवारातल्या कालीमंदिराचं छत पडलं, मूर्ती भंगली आणि मूर्तीखालचा दगड उघडा पडला. त्याच्या दोन्ही अंगांवर ब्राह्मी लिपीत सम्राट अशोकाचे आदेश कोरलेले निघाले. मूर्ती बसवण्यासाठी कुणीतरी केव्हातरी त्या शिळेला मधोमध भोक पाडलं होतं, त्यात काही अक्षरं कायमची गेली.

भोक पाडणाऱ्याला अक्षरं दिसली नसतील असं नाही. दिसली असतील, पण ती ‘अक्षरं’ म्हणून दिसली नसतील. त्याला हवा होता एक सपाट, मजबूत दगड, आणि तो त्याला मिळाला. पुढे कैक पिढ्यांनी त्या दगडाला हात लावून नमस्कार केला. त्यांच्या लेखी ते देवीचं पीठ होतं. पुरातत्त्ववाल्यांच्या लेखी तो शिलालेख आहे. ते भोक सोडलं, तर दगडात काडीचाही बदल झालेला नाही. मग दगड ‘खरा’ काय आहे, हे ठरवायचं कुणी? पाहणाऱ्यानं, की दगडानं?

हा प्रश्न विचारायला बिदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांसारखी जागा नाही. मराठी, कन्नड, दखनी आणि तेलुगू एकाच बाजारात बोलल्या जाणाऱ्या या पट्ट्यात बौद्ध, जैन, शरण, सूफी, दत्तसंप्रदायी आणि माध्व असे सगळे येऊन बसले. बहुतेकांनी ‘पाहणं’ आणि ‘असणं’ यांच्यातला संबंध सोडवण्यात आयुष्य घातलं. त्यांची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत, आणि गंमत त्यातच आहे.

‘दृष्टी तशी सृष्टी’ हे मराठीत इतकं घासून गुळगुळीत झालेलं वाक्य आहे की ते आता शाळेच्या भिंतीवर आणि विमा एजंटांच्या शिबिरात सारख्याच उत्साहानं वापरलं जातं. चांगला विचार करा, चांगलं घडेल. गाडी डोळ्यांसमोर आणा, गाडी दारात येईल. या व्यवहाराचा अद्वैतातल्या दृष्टिसृष्टिवादाशी काहीही संबंध नाही. प्रकाशानंदांनी ‘वेदान्तसिद्धान्तमुक्तावली’त तो वाद शेवटपर्यंत ताणला, तेव्हा त्यांचं म्हणणं होतं की जग दिसतं तेवढ्यापुरतंच आहे, दिसण्यापलीकडे त्याला वेगळं अस्तित्व नाही. अशा जगात गाडीला किंमत उरत नाही आणि ती मागणाऱ्यालाही नाही. शिबिरवाल्यांना सृष्टी आपल्या इच्छेप्रमाणे वळवायची असते. जुन्या मंडळींना इच्छा करणाऱ्यालाच रजा द्यायची होती.

याचं सगळ्यात नाट्यमय वर्णन मराठीत आहे, आणि ते याच मातीतलं आहे.

‘गुरुचरित्र’ लिहिणाऱ्या सरस्वती गंगाधरांचं घर कानडी मुलखातलं. आपल्याला मराठी नीट येत नाही, अशी कबुली ते ग्रंथातच देऊन टाकतात, आणि मग पाच शतकं घराघरांत पारायण होत राहील असा मराठी ग्रंथ लिहून जातात. त्याच्या चोविसाव्या अध्यायात कुमसी गावचा त्रिविक्रम भारती हा यती येतो. माणूस लहानसहान नाही. वेद जाणणारा, नरसिंहाचा उपासक, रोज मानसपूजा करणारा. शेजारच्या गाणगापुरात दत्तावतार मानले जाणारे नृसिंह सरस्वती राहायला आले आहेत, राजा त्यांना पालखीतून मिरवतो, सोबत हत्ती-घोडे आणि फौज असते, हे त्याच्या कानावर आलेलं. संन्याशाला हे थेर कशाला, असं तो उघड बोलतो. बोलण्यात तथ्यही आहे. दंड-कमंडलू घेतलेल्या माणसानं पालखीत बसावं का, हा आजही विचारता येईल असा प्रश्न आहे.

एके दिवशी त्याच्या मानसपूजेत नरसिंहाची मूर्ती स्थिर होईना. मनात दिसू लागला तो नदीकाठी येऊन थांबलेला यती. त्रिविक्रम धावत नदीवर गेला. समोर राजाचा सारा लवाजमा उभा होता, पण त्याला शिपाई दिसेना की स्वार दिसेना. जो तो दंडधारी संन्यासी. शेकडो संन्यासी, सगळे एकाच चेहऱ्याचे. ज्याला नावं ठेवली तो यातला कोणता, हेच कळेना. तो ज्याच्या-त्याच्यापुढे वाकत सुटला आणि शेवटी खरं रूप दाखवा म्हणून विनवू लागला. मग फौज पुन्हा फौज झाली आणि पालखीतला माणूस पालखीत दिसला.

कथा सांगणारे इथे ‘विश्वरूपदर्शन’ म्हणून हात जोडतात आणि पुढच्या अध्यायाला लागतात. थोडं थांबलं तर एक मजेशीर गोष्ट लक्षात येते. त्या सैनिकांना काय दिसलं? बहुधा काहीच नाही. त्यांच्या कमरेला तलवार होती तशीच राहिली, उन्हात उभं राहून पाय दुखत होते ते दुखतच राहिले. फार तर एक वेडापिसा संन्यासी आपल्या पाया पडतोय हे पाहून ते चक्रावले असतील. बदल झाला तो एका माणसाच्या डोळ्यांत. आणि तो बदलही त्यानं ठरवून केलेला नव्हता; उलट त्याच्या मनातली सवयीची मूर्ती हातातून निसटली तेव्हाच तो झाला. त्रिविक्रमाला पालखी दिसत होती, माणूस दिसत नव्हता. पालखी काढून घेण्याऐवजी कथेनं काय केलं, तर पालखीबाहेरच्या प्रत्येकाला पालखीतल्यासारखं करून टाकलं. आता कुणाला नावं ठेवणार?

या कथेचा गावावर झालेला परिणाम कथेइतकाच विलक्षण आहे. गाणगापुरात निर्गुण पादुकांचं दर्शन एका छोट्या झरोक्यातून घ्यावं लागतं. एका वेळी एक जण वाकणार, क्षणभर पाहणार, बाजूला होणार. पण तिथलं खरं अनुष्ठान माध्यान्हीचं आहे. दत्तगुरू रोज दुपारी गावात भिक्षेला येतात अशी श्रद्धा आहे, म्हणून भाविक पाच घरी माधुकरी मागतात. पुण्या-मुंबईहून मोटारीतून आलेला गृहस्थ झोळी घेऊन ओळीत उभा असतो, त्याच्या शेजारी खरोखरचा भिकारी उभा असतो, आणि वाढणाऱ्यानं यातला दत्त कोण हे ठरवायचं नसतं. ठरवता येत नाही हीच तिथली रीत. कोणीही तो असू शकतो, म्हणून सगळ्यांना द्यायचं. कुमसीच्या यतीची क्षणभराची अवस्था गाणगापुरानं दुपारच्या जेवणाच्या वेळापत्रकात बसवली आहे. तत्त्वज्ञानाचा याहून व्यवहारी उपयोग क्वचितच कुठे झाला असेल.

गाणगापूरहून कलबुर्गी फार लांब नाही. पण तिथे पोचलं की याच अनुभवाबद्दल एक सणसणीत शंका भेटते. शंका घेणारा कुणी नास्तिक नाही, दक्षिणेतला सगळ्यात मोठा सूफी आहे.

ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज यांचा जन्म १३२१ सालचा, दिल्लीतला. महंमद तुघलकानं राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा ते लहानपणी आईवडिलांबरोबर महाराष्ट्रात आले. त्यांच्या वडिलांची कबर आजही खुलताबादला आहे. पुढे दिल्लीत नसीरुद्दीन चिराग यांचं शिष्यत्व, आणि १३९८ मध्ये तैमूरची स्वारी यायच्या तोंडावर, उतारवयात, पुन्हा दक्षिणेची वाट. सुमारे १४०० साली ते बहमनी राजधानी गुलबर्ग्यात, म्हणजे आजच्या कलबुर्गीत, पोचले आणि १४२२ मध्ये, शंभरी ओलांडून, तिथेच वारले.

त्या काळी सूफी जगात अंदलुसच्या इब्न अरबीचा दबदबा होता. अस्तित्व एकच आहे, ते परमेश्वराचं. बाकी सगळं त्याचंच दिसणं, असा त्याच्या विचाराचा सारांश सांगितला जातो. ‘वहदतुल वुजूद’ म्हणतात ते हेच. वेदान्त कानावर पडलेल्या मराठी माणसाला हे ऐकताक्षणी घरचं वाटेल. गेसूदराजांना ते मुळीच मान्य नव्हतं. त्यांनी इब्न अरबीवर कडक टीका केली. उत्तर भारतातले अशरफ जहांगीर सिमनानी गुलबर्ग्याला येऊन गेले आणि त्यांनी इब्न अरबीची बाजू लावून धरली, तरी ख्वाजा बधले नाहीत. परमेश्वर सगळ्याच्या पलीकडे आहे, आणि त्या पलीकडच्याही पलीकडे. साधकाला एकच एक दिसू लागलं तर ती साधकाची अवस्था. जग एकच आहे याचा तो पुरावा होत नाही.

या बाजूच्या मताला पुढे सरहिंदच्या शेख अहमदांनी पक्कं रूप दिलं आणि ते ‘वहदतुश शुहूद’ म्हणून गाजलं. त्यांचा दाखला सोपा आहे. सूर्य उगवला की तारे दिसत नाहीत. पाहणाऱ्याला एकटा सूर्यच दिसतो, आणि हे त्याचं दिसणं खोटं नाही. पण ‘तारे नाहीतच’ असं तो म्हणाला तर चुकला.

त्रिविक्रम भारतीला या कसोटीवर उभं केलं तर? त्याला सगळे गुरुरूप दिसले, ठीक. ते सगळे गुरू होते का? गुरुचरित्रकार उत्तर द्यायला थांबत नाहीत. गेसूदराज थांबवतात. आणि सैनिकांच्या बाजूनं विचार करणारा पहिला माणूस, म्हणायचं तर, तेच. सैनिक सैनिकच होते. तारे जागच्या जागी होते. सूफींच्या भाषेत आहे म्हणून कुणी ही शंका परकी समजू नये. ‘मला अनुभव आला’ एवढ्यावर ज्या देशात मठ उभे राहतात, तिथे अनुभव आणि वस्तुस्थिती यांच्यात एवढी स्वच्छ रेघ ओढणारा संत सहाशे वर्षांपूर्वी होऊन गेला, आणि त्याच्या दर्ग्यावर आज सगळ्या जातिधर्मांचे लोक नवस बोलायला जातात.

गेसूदराजांकडे पाहण्याच्याही दोन तऱ्हा होत्या. इतिहासकार फेरिश्ता सांगतो की सुलतान फिरोजशहा बहमनीला विद्येचा नाद. त्याच्या नजरेत ख्वाजांची शास्त्रांतली गती बेताची ठरली. त्याचा भाऊ अहमद मात्र त्यांच्या पायाशी बसला. ख्वाजांनीही फिरोजच्या मुलाला वारस म्हणून आशीर्वाद द्यायचं नाकारलं, आणि १४२२ मध्ये गादी अहमदकडे गेली. एकाच म्हाताऱ्याला एका भावानं अर्धशिक्षित म्हणून पाहिलं, दुसऱ्यानं वली म्हणून. सत्तेच्या इतिहासात याचा निकाल फार लवकर लागला.

अहमदशहानं राजधानी बिदरला नेली, आणि इथे गोष्टीला एक वळण लागतं. गुलबर्ग्याचे ख्वाजा गेल्यावर त्यानं इराणातल्या माहानच्या शाह नियामतुल्ला वलींशी नातं जोडलं. हे नियामतुल्ला इब्न अरबीचे कट्टर अनुयायी, त्याच्या ‘फुसूस’ या ग्रंथाचे भाष्यकार. त्यांचे वंशज पुढे बिदरला आले. १४३६ मध्ये अहमदशहा वारला तेव्हा शहराबाहेर अष्टूरला त्याची कबर बांधली गेली. तिच्या आतल्या भिंती आणि घुमट रंगांनी आणि सोनेरी लेखनानं मढवलेले आहेत, आणि त्या लेखनात नियामतुल्लांच्या ओळी आहेत. गुरूनं जे मत गुलबर्ग्यात नाकारलं, त्याच मताची शाई शिष्याच्या डोक्यावरच्या घुमटाला लागली.

अष्टूरच्या कबरीत कोण आहे, या प्रश्नाला मात्र दोन उत्तरं आहेत. मुसलमान भाविकांसाठी तिथे अहमदशहा वली आहे; दुष्काळात त्यानं प्रार्थना केली आणि पाऊस पडला, म्हणून तो वली, असं बखरकार लिहून गेले. लिंगायतांसाठी तिथे अल्लमप्रभू आहेत. उरूस भरतो तो हिंदू पंचांगाप्रमाणे, होळीच्या सुमारास. कलबुर्गी जिल्ह्यातल्या माडियाळहून जंगम आपल्या भक्तांसह येतात. शंख वाजतो, नारळ फुटतात, आणि त्याच कबरीवर फातिहाही पढला जातो. हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याजदानी यांनी बिदरवरच्या आपल्या जाडजूड ग्रंथात १९४७ सालीच हे नोंदवून ठेवलं आहे.

इतिहासाचा मास्तर इथे पेन्सिल सरसावेल. अल्लमप्रभू बाराव्या शतकातले, अहमदशहा पंधराव्या. पण पेन्सिल खाली ठेवून अल्लम कोण होते ते आधी पाहावं. बिदर जिल्ह्यातल्या आजच्या बसवकल्याणला, बिज्जळाच्या राजवटीत, बसवेश्वरांच्या पुढाकारानं शरणांची सभा भरे. तिथल्या शून्यसिंहासनावर बसले ते अल्लम. मूळचे बळ्ळिगावीचे मद्दळे वाजवणारे. पत्नीच्या मृत्यूनं वेडे होऊन भटकताना त्यांना जमिनीत गाडल्या गेलेल्या देवळात एक योगी सापडला. तळहातावर लिंग, पापणी न लवणारी नजर. नाव अनिमिष. इष्टलिंगाची उपासना अजूनही तशीच आहे: लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं आणि नजर त्यावर खिळवायची, पाहणारा आणि पाहिलं जाणारं यांतलं अंतर मिटेस्तोवर.

अल्लमांची गोरक्षाशी गाठ पडल्याची कथा प्रसिद्ध आहे. गोरक्षानं योगानं देह वज्राचा केला होता. अल्लमांनी त्याच्यावर तलवार मारली तर खणकन आवाज झाला. मग गोरक्षानं अल्लमांवर तलवार चालवली. ती हवेतून जावी तशी आरपार गेली; कशाला लागलीच नाही. गोरक्ष खजील झाला. देह टिकवणं ही त्याची सिद्धी, आणि समोरच्याकडे तलवारीला सापडेल असं काही उरलंच नव्हतं.

ज्याच्या देहाला कसलाच आकार उरला नाही असा माणूस अडीचशे-तीनशे वर्षांनी एका सुलतानाच्या कबरीत दिसावा, यात तर्काचा घोटाळा वाटतो तेवढा नाही. वज्रदेही गोरक्ष तिथे कुणाला दिसला नसता. शून्यालाच कुणाच्याही कबरीत राहता येतं.

याच कल्याणीच्या, म्हणजे बसवकल्याणच्या, परिसरात पुढे शहा मुंतोजी झाला. बहमनी घराण्यातला मानला गेलेला हा मुसलमान कवी कल्याणीच्या सहजानंदांचा शिष्य, नाव मृत्युंजय, भाषा मराठी. त्याचा ‘सिद्धसंकेतप्रबंध’ हा अद्वैतावरचा ग्रंथ. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्याला एखादा परिच्छेद मिळतो. त्याहून जास्त मिळायला हवा.

आणि एकोणिसाव्या शतकात हुमनाबादजवळ माणिकनगरचे माणिकप्रभू. जन्म १८१७, बसवकल्याणजवळच्या लाडवंतीचा, समाधी १८६५. हिंदूंना ते दत्तावतार दिसत, मुसलमानांना बगदादच्या अब्दुल कादिर जिलानींचं रूप, लिंगायतांना बसवपरंपरेतलं कुणी. प्रभूंनी यातल्या कुणालाच ‘तुझी चूक होतेय’ म्हटलं नाही. मराठी, कन्नड, हिंदी, संस्कृत अशा भाषांत पदं केली आणि आपल्या पंथाला ‘सकलमत’ असं नाव दिलं. ही गोष्ट मवाळ सर्वधर्मसमभावाची म्हणून सांगितली जाते, पण ती त्याहून अवघड आहे. समोरचा आपल्याला काय म्हणून पाहतो हे दुरुस्त न करणं कुठल्याही माणसाला जड जातं; ज्याला लोक देव म्हणतात त्याला तर जास्तच.

एवढं सगळं ऐकून घेतल्यावर मळखेडला जायला हवं. राष्ट्रकूटांची ही जुनी राजधानी, कागिणा नदीच्या काठी. इथे माध्व यती अक्षोभ्यतीर्थांचं वृंदावन, म्हणजे समाधी, आहे, आणि उत्तरादि मठाच्या परंपरेप्रमाणे त्यांचे शिष्य जयतीर्थ यांचंही. चौदाव्या शतकातले हे जयतीर्थ परंपरेनुसार मंगळवेढ्याच्या बाजूचे, सरदारघराण्यातले. तहान लागली म्हणून घोड्यावरून न उतरताच नदीला तोंड लावून पाणी प्याले. काठावरच्या अक्षोभ्यतीर्थांनी ते पाहिलं आणि पोराचं आयुष्य बदललं. मध्वाचार्यांच्या ग्रंथांवर त्यांनी इतक्या टीका लिहिल्या की टीकाचार्य हेच त्यांचं नाव झालं. ‘न्यायसुधा’ त्यांची, आणि ज्ञानाची साधनं कोणती यावरची ‘प्रमाणपद्धती’ही.

जयतीर्थांच्या पंथात पाहण्याला फार मान आहे, पण तो वेगळ्या कारणासाठी. डोळे जग घडवत नाहीत. जग आहे म्हणून डोळ्यांना दिसतं. ज्ञान मुळात विश्वासार्ह असतं, दोष शिरला तर चुकतं. शिंपल्याच्या जागी चांदी दिसली तर ती चांदी कुठल्याही अर्थानं ‘थोडी खरी’ नसते. ती तिथे नव्हतीच, नसलेली वस्तू असल्यासारखी दिसली, बस. भ्रम हा भ्रम ठरायचा तर शिंपला पक्का खरा असावा लागतो. सगळंच दिसण्यावर असेल तर चुकणार कोण आणि कशाच्या तुलनेत?

हा घाव वर्मी बसणारा आहे. गेसूदराज आणि जयतीर्थ यांनी एकमेकांचं नावही ऐकलं नसेल. तरी दोघांच्या संस्थानांत एका दिवसात जाऊन येता येतं आणि दोघांचंही सांगणं असं की जग पाहणाऱ्याच्या मर्जीवर सोडू नका. अष्टूर, माणिकनगर एका बाजूला. गुलबर्गा, मळखेड दुसऱ्या बाजूला. हिंदू-मुसलमान अशी ही विभागणी नाही, हे नकाशा पाहणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

माध्वांचं आणखी एक मत इथे कामाचं आहे. स्वप्नातल्या वस्तूसुद्धा खऱ्या, असं ते मानतात. मनातल्या संस्कारांपासून ईश्वर त्या घडवतो. चूक होते ती त्या जागेपणीच्या वस्तू आहेत असं समजण्यात. हे वाचताना मराठी माणसाला तुकोबा आठवल्याशिवाय राहणार नाहीत. त्यांना गुरूपदेश झाला तो स्वप्नात, आणि त्यांनी तो आयुष्यभर खरा मानला. गुरुपरंपराही त्यांनी अभंगात सांगून ठेवली: राघव चैतन्य, केशव चैतन्य, बाबाजी.

यातल्या राघव चैतन्यांचं स्थान कलबुर्गी जिल्ह्यातल्या आळंदला आहे, लाडले मशायख यांच्या दर्ग्याच्या आवारात. वारकरी ज्याच्या नावानं तुकोबांची परंपरा सुरू करतात त्याचं शिवलिंग, आणि मुसलमान ज्याला चौदाव्या शतकातला थोर सूफी मानतात त्याचा दर्गा, एका कुंपणात. कागदावर हे दुसरं अष्टूर व्हायला हवं होतं, आणि बराच काळ ते तसं होतंही.

१ मार्च २०२२ला, महाशिवरात्रीच्या दिवशी, तिथे दगडफेक झाली. जमावबंदी लागली. तोवर दोन्हीकडचे लोक ‘आम्हाला इथे काय दिसतं’ एवढ्यावर न थांबता ‘तुम्हाला दिसतं ते इथे नाहीच’ या मुद्द्यावर येऊन ठेपले होते. गूढवाद्यांच्या भांडणात आणि या भांडणात फरक आहे तो हाच. इब्न अरबीला विरोध करताना गेसूदराजांनी सूर्य नाकारला नव्हता, आणि जयतीर्थांनी चांदी दिसणाऱ्याला हाकलून दिलं नव्हतं. आळंदला दोन्ही बाजूंना दुसऱ्याची वस्तूच पुसायची आहे आणि त्यालाच ते ‘सत्य बाहेर काढणं’ म्हणतात. सन्नतीच्या शिळेला भोक पाडणाऱ्याला निदान आपण काय करतोय याची कल्पना नव्हती.

प्रकरण वक्फ न्यायाधिकरण आणि उच्च न्यायालयाच्या कलबुर्गी खंडपीठापर्यंत गेलं. तिथे दर्शन, वुजूद, शुहूद यांवर काही बोलणं झालं नाही. व्हायचं कारणही नव्हतं. न्यायाधिकरणानं २०२३च्या महाशिवरात्रीला वेळा वाटून दिल्या: सकाळचे तास मुसलमानांना, दुपारनंतरचे हिंदूंना, आणि पूजेला फक्त पंधरा जण. २०२५ साली उच्च न्यायालयानं पुन्हा परवानगी दिली, तेव्हाही आकडा पंधराच होता.